छुप्या कणांच्या मागावर

विश्वातल्या एकूण द्रव्यापैकी सुमारे ८५ टक्के कृष्णद्रव्य आहे. त्याचं गुरुत्वाकर्षण जाणवतं, पण ते दिसत नाही. या द्रव्याच्या कणांचं स्वतंत्र कुटुंब असावं आणि आपल्या ओळखीच्या कणांशी त्याचा संबंध अगदी क्षीण असावा, असा एक अंदाज आहे. या कुटुंबाला ‘छुपं क्षेत्र’ म्हणतात. ‘डार्क फोटॉन’ हा दोहोंमधला संभाव्य दुवा.

तो पकडायचा कसा? जिनिव्हाजवळ सर्न या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या २७ किलोमीटर परिघाच्या लार्ज हेड्रॉन कोलायडरमध्ये प्रोटॉनच्या टकरी होतात. त्यातून हलका डार्क फोटॉन जन्मलाच, तर तो बहुधा झोताच्या दिशेनंच सरळ निघून जाईल. टकरीभोवतीच्या अजस्र शोधकांच्या हाती लागणार नाही. म्हणून सुमारे सात मीटर लांबीचा ‘फेझर’ हा शोधक त्यांतल्याच अ‍ॅटलास या शोधकाच्या टक्करबिंदूपासून ४८० मीटरवर, त्याच रेषेत बसवला आहे. वाटेतले चुंबक विद्युतभारित कण वळवतात, सुमारे १०० मीटरचा खडक बाकीचे बहुतेक कण अडवतो. डार्क फोटॉन मात्र आरपार जाईल आणि शोधकात त्याचा क्षय होऊन इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी उमटेल.

२०२२ मध्ये नोंदी सुरू झाल्या. २०२३ च्या पहिल्या निष्कर्षांत अशी एकही जोडी आढळली नाही. पण त्यामुळे डार्क फोटॉनच्या वस्तुमानाच्या आणि ओळखीच्या कणांशी असलेल्या त्याच्या संबंधाच्या तीव्रतेच्या काही शक्यता बाद झाल्या. रिकाम्या हातांनी परतणं विज्ञानात वाया जात नाही. पुढे कुठे शोधायचं नाही, हे त्यातूनच ठरतं.