न दिसणाऱ्या धुराची वाट

परभणी जिल्ह्यांतील जुन्या माळवदी घरांत चुलीच्या वरच्या बाजूस छताला एक भोंक ठेवलेलें असे. त्यास साणें म्हणत. पाऊस आला कीं त्यावर फरशी ओढावयाची आणि उघडीप होतांच ती बाजूस सारावयाची, हें काम बहुधा घरांतील एखाद्या चपळ मुलाकडे असे. साण्यांतून उजेड येई, पण त्याचें खरें काम निराळें होतें. ओलें सरपण धुमसूं लागलें कीं धूर डोळ्यांस झोंबे, माणसें खोकूं लागत, आणि साणें उघडल्यावांचून कोणास चैन पडत नसे. धूर आपली वाट स्वतःच मागून घेई.

पुढें स्टोव्ह आले आणि मग गॅस आला. मुंबईंत १९५५ सालीं सिलिंडरांतून घरगुती गॅस मिळूं लागला, आणि २०१६ सालच्या उज्ज्वला योजनेनंतर तो खेडोपाडींच्या गरीब घरांतहि पोहोंचला. भिंती काळ्या होण्याचें थांबलें, गृहिणींचे डोळे वांचले. ह्या सुखाचें मोल कमी लेखण्याचें कारण नाहीं. परंतु धूर दिसेनासा झाला तेव्हां धुराच्या वाटेचीहि गरज उरली नाहीं, अशी समजूत लोकांनीं करून घेतली. साणीं बुजलीं, झरोक्यांना कांचा बसल्या, आणि सिमेंटच्या नव्या घरांत न्हाणीघराची खिडकी हातरुमालाएवढी झाली. फसगत झाली ती येथें.

सिलिंडरांतील गॅस म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्यूटेन ह्या दोन वायूंचें मिश्रण. तो जळतो म्हणजे नाहींसा होत नाहीं. एक किलो गॅस जळतांना सुमारें १२ घनमीटर हवेंतील प्राणवायु खर्च होतो, आणि त्याच्या बदल्यांत सुमारें ३ किलो कार्बन डायॉक्साइड व दीड किलोहून अधिक पाण्याची वाफ खोलींत सोडली जाते. हिवाळ्यांत स्वयंपाकघराच्या तावदानांवर जो ओलावा धरतो, त्यांत ह्या वाफेचाहि वाटा असतो. हा सारा धूरच होय. केवळ त्यास रंग नाहीं.

हवा पुरेशी असेल तोंवर जळण पूर्ण होतें. ती अपुरी पडली कीं कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु तयार होऊं लागतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं, तो डोळ्यांस झोंबतहि नाहीं. सिलिंडरांतील गॅस गळला तर कळावें म्हणून त्यांत उग्र वासाचें द्रव्य मुद्दाम मिसळलेलें असतें. पण तें ज्योतींत जळून जातें, आणि म्हणून ज्योतींतून निघालेल्या ह्या विषाची वर्दी नाक देऊं शकत नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिनास हा वायु प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पटींनीं घट्ट चिकटतो. श्वास चालू असतो, छाती भरते, पण रक्त रिकामेंच फिरतें.

परभणीचा उन्हाळा जसा प्रखर तशीच थंडीहि कडाक्याची. वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठाच्या आवारांत डिसेंबर-जानेवारींत पारा पांच-सहा अंशांपर्यंत उतरल्याची नोंद कित्येकदां झालेली आहे. अशा पहांटे दार लावून, खिडकीच्या फटींत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून, गॅसच्या गीझरखालीं स्नान करणें कोणास आवडणार नाहीं? पण थोडा हिशेब करून पाहावा. चार फूट रुंद, सहा फूट लांब व आठ फूट उंच अशा न्हाणीघरांत साडेपांच घनमीटरहि हवा मावत नाहीं. मिनिटास सहा लिटर पाणी तापविणारा गीझर तासाला पाऊण ते एक किलो गॅस जाळतो, म्हणजे शेगडीचे चार-पांच मोठे बर्नर एकदम पेटविल्यासारखेंच तें झालें. दहा मिनिटांत त्यास खोलींतील सुमारें एक तृतीयांश हवेचा प्राणवायु लागतो. ज्योत बिघडण्यास इतकेंहि लागत नाहीं. हवेंतील प्राणवायूचें प्रमाण २१ टक्क्यांवरून दोन-तीन टक्क्यांनीं उतरलें तरी विष वाढूं लागतें.

कुटुंबांत स्नानें एकामागून एक होतात. पहिला मनुष्य सुखरूप बाहेर येतो, म्हणून दुसऱ्यास शंका येत नाहीं. दार उघडून लगेच लावलें जातें, आणि आधींच्यांनीं वापरलेल्या हवेंतच तिसरा किंवा चौथा स्नानास बसतो. पुष्कळ घरांत ही शेवटची पाळी गृहिणीची असते.

प्रथम डोकें जड होतें, मळमळतें, मग पायांतील बळ जातें. कडी समोर दिसत असूनहि हात तेथवर पोहोंचत नाहीं. जानेवारी २०२० मध्यें मुंबईच्या बोरिवली भागांत एक शाळकरी मुलगी अशाच रीतीनें दगावली. कित्येकदां रोग्यास झटके येतात, आणि घरचीं माणसें अपस्मार समजून भलत्याच उपचारांमागें लागतात. भारतांतील मज्जाविकारतज्ज्ञांनीं ह्या लक्षणसमूहास ‘गॅस गीझर सिंड्रोम’ असें नांवच दिलेलें आहे. यासाठीं न्हाणीघरांत कोणी बेशुद्ध आढळल्यास आधीं दार उघडून त्यास मोकळ्या हवेंत आणावें, गॅस बंद करावा, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि न्हाणीघरांत गॅसचा गीझर होता हें डॉक्टरांस न विसरतां सांगावें. उपचार प्राणवायूचा असतो, आणि त्यास उशीर चालत नाहीं.

नवल असें कीं, धुराड्याचें तत्त्व महाराष्ट्राच्या घरांत कोणी नव्यानें शिकविण्याची आवश्यकता नव्हती. तांब्याचा बंब पाहावा. मध्यें उभी नळी, तिच्यांत विस्तव, सभोंवार पाणी. नळीच जळणाची जागा आणि नळीच धुराचें धुराडें. ऊन वायु हलका होऊन वर चढतो आणि आपल्यामागें खालून ताजी हवा ओढून घेतो, एवढ्यावर सारी करामत. शिवाय बंब बहुधा अंगणांत किंवा मागील पडवींत पेटविला जाई. गीझर विकत घेणाऱ्यानें बंबाची ही जागाच आधीं आठवावी. यंत्र न्हाणीघराबाहेर, उघड्या सज्जांत बसवावें आणि आंत केवळ गरम पाण्याची नळी आणावी. ह्याहून उत्तम उपाय नाहीं. चार हात अधिक नळी लागते म्हणून तो टाळला जातो, हें काटकसरीचें नव्हे, अविचाराचें लक्षण.

बाजारांत स्वस्त मिळणाऱ्या लहान गीझरांस पुष्कळदां धुराडें नसतेंच. माथ्यावर नुसत्या फटी असतात. असें यंत्र बंद खोलींत बसवूंच नये. धुराड्याचें यंत्र असेल तर नळी प्रथम कांहीं अंतर सरळ उभी जावी, मग बाहेर वळावी. आडवा भाग लांबविला कीं धूर वाटेंत निवतो, आणि निवलेला धूर चढत नाहीं. नळी कोठेंहि अरुंद होऊं नये, आणि तिचें टोंक जिन्यांत किंवा दुसऱ्या खोलीच्या खिडकीखालीं येऊं नये. हवेच्या वाटा मात्र दोन हव्यात: गळलेला गॅस हवेहून जड म्हणून जमिनीलगत साठतो, तर जळलेला धूर ऊन म्हणून छतापाशीं जातो. दाराच्या खालच्या अंगास एक जाळी आणि वर एक झरोका, दोन्ही बाहेर उघडणारे व कायमचे मोकळे असले म्हणजे काम भागतें. हवा बाहेर फेंकणारा पंखा लावून निश्चिंत होणाऱ्यांनीं एक ध्यानांत ठेवावें. खोलींत हवा येण्यास वाट नसेल, तर तो पंखा धुराड्यांतील धूरच उलट खालीं ओढतो.

ज्योत निळी व स्थिर असावी. ती पिवळी पडून लवलवूं लागली, भांड्यांच्या बुडास काजळी धरूं लागली, तर बर्नर साफ करवून घेण्यास विलंब लावूं नये. दसऱ्याच्या सुमारास, थंडी पडण्यापूर्वीं, धुराड्याचें तोंडहि तपासावें. उन्हाळ्या-पावसाळ्यांत यंत्र बंद असतां कुंभारीण माशी त्यांत मातीचें घर बांधते, चिमण्या काड्या भरतात. परीक्षा सोपी आहे. गॅसचा वास येत नाहीं ह्याची खात्री करून गीझर पेटवावा, दार-खिडकी नेहमींसारखी ठेवावी, आणि पांच मिनिटांनीं पेटती उदबत्ती धुराड्याखालच्या फटीपाशीं धरावी. तिचा धूर आंत ओढला गेला तर वाट मोकळी आहे. तो खोलींत परतूं लागला, तर गीझर तत्काळ बंद करावा आणि कारागीर येऊन जाईपर्यंत पाणी बंबांत किंवा शेगडीवर तापवावें.