काळ्या मातीचा आणि कोळशाचा जमाखर्च

आमचा धंदा धान्याचा आणि शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. देवासच्या मंडीत गहू-हरभऱ्याचा घाऊक व्यापार करण्यात आमचे आयुष्य गेले. तेव्हा आम्ही कोळशाच्या खाणीविषयी लिहावे, याचे वाचकबंधुभगिनींस नवल वाटेल. परंतु तांदळाच्या खरेदीनिमित्त चंद्रपूरकडे जाणे झाले असता तेथील खुली खाण दुरून पाहिली, आणि परतल्यावर आपल्याच पायाखालच्या भूमीचा विचार मनातून जाईना. तो येथे सभासदांपुढे ठेवीत आहोत.

धार व देवास ही दोन्ही माळव्याच्या पठारावर वसलेली. देवासची टेकडी घ्या की मांडवगडाचा कडा घ्या, दगड एकच, काळा फत्तर. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूमीच्या भेगांतून तप्त लाव्हा वारंवार वाहिला व थरावर थर साचून हा फत्तर झाला. तो ऊनपावसाने झिजून आपली काळी माती बनली. ज्या गव्हावर आपल्या पेढ्या उभ्या राहिल्या, तो या मातीचाच. धार जिल्ह्यात बागकडे उतरल्यास या फत्तराखालचे जुने वालुकाश्म व समुद्रातील शिंपल्यांचे चुनखडक उघडे पडलेले दिसतात. भूमीची वही पाने उलटून वाचता येते, ती अशी. मात्र आपल्याकडे कोळशाची खाण नाही. ते पान वर्धा नदीच्या खोऱ्यात उघडते.

सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वी, हिमयुग ओसरल्यावर, तेथे दलदलीची अरण्ये होती. ती गाळाखाली गाडली जाऊन कोळसा झाली. भूगर्भशास्त्रज्ञ या थरांस बराकर थर म्हणतात. मुख्य थर काही ठिकाणी १५ मीटरांहूनही जाड आहे. त्यावर कामठी वालुकाश्म आहे, आणि पश्चिमेस यवतमाळच्या बाजूला आपलाच काळा फत्तर त्या सर्वांवर पसरला आहे. जेथे हे आच्छादन थोडे, तेथे भुयार न खणता वरचे सर्व काढून टाकतात. हीच खुली खाण. वरोऱ्याची जुनी खाण भुयारी होती. ती १९०६ साली बंद पडली. १९७३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर खुल्या खाणींचा विस्तार झाला. आज तेथील बहुतेक खाणी नागपूरच्या वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कंपनीकडे आहेत.

आता हिशेब पाहू. एक टन कोळशासाठी सुमारे चार घनमीटर, कोठे त्याहूनही अधिक, दगडमाती उचलावी लागते. वजनात हे आठ टनांच्या घरात जाते. एका पोत्यामागे आठ पोती कचरा निघेल असा माल आपल्यापैकी कोणी घेईल काय? त्या दगडमातीचे डोंगर इरई नदीच्या काठी उभे आहेत. पावसात त्यांचा गाळ पात्रात उतरतो. कामठी वालुकाश्म पाणी धरून ठेवणारा आहे. खाण कोरडी राखण्यासाठी ते पाणी उपसले की भोवतालच्या विहिरी खालावतात. पाण्याची टंचाई म्हणजे काय हे देवासकरांस सांगावयास नको. २००६ पासून आपल्या जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी रेवासागर तळी खोदली, ती याच चिंतेने. ओल्या धान्याच्या राशीस जशी आतून ऊब धरते, तशी कोळशाच्या राशीसही धरते आणि ती आपोआप पेटते. खाणींच्या शेजारीच ताडोब्याचे व्याघ्र-अरण्य आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या क्रमवारीत चंद्रपूर देशात चौथे होते. त्यात खाणींबरोबर वीजकेंद्र व इतर कारखान्यांचाही वाटा होता.

मग दोष कोणाचा? श्रावकाने वर्ज्य करावयाच्या पंधरा कर्मादानांत अंगारकर्म व स्फोटकर्म, म्हणजे कोळशाचा व भूमी फोडण्याचा व्यवसाय, ही आहेत. म्हणून आपण खाणी खोदल्या नाहीत, असे आपण अभिमानाने म्हणतो. परंतु आपल्या दाळमिलची मोटार ज्या विजेवर फिरते, तीत कोळशाचा वाटा मोठा. खंडव्याजवळील सिंगाजी वीजकेंद्र २५२० मेगावॉटचे. त्यास कोळसा रेल्वेने दुरून येतो. कुदळ दुसऱ्याच्या हाती असली तरी खाते आपलेच आहे, हे मान्य केले पाहिजे.

उपाय नाही असे नाही. वरची काळी माती वेगळी काढून, बियाण्याच्या धान्याप्रमाणे निराळी जपून, शेवटी पुन्हा अंथरावी असा नियम आहे. ती फार काळ उंच ढिगात ठेवल्यास निर्जीव होते. २००९ पासून खाण बंद करण्याच्या खर्चाची रक्कम अगोदरच राखीव खात्यात भरावी लागते. व्यापाऱ्यास ही रीत पटण्यासारखी आहे. ठेव ठेवल्यावाचून उधारी नाही! मात्र माती परत अंथरली की नाही हे ताळेबंदाच्या वेळी कोणी तरी विचारले पाहिजे.

फत्तराची माती होण्यास हजारो वर्षे लागतात. ती उचलण्यास यंत्राला एक दिवस पुरतो. आपण आपल्या पेढीवर, गोदामात व घरी विनाकारण जळणारा एक दिवा विझविला, तर तेवढी माती जागची हलणार नाही. हे लहान काम आपल्या हातचे आहे, आणि ते सभासदांनी आजपासून करावे अशी आमची नम्र विनंती आहे.