वाढदिवसाचा चुडा-मटर : वाटाण्याच्या शेतापासून बालकाच्या वाटीपर्यंत

वाराणसीतील दुर्गाघाट, ब्रह्माघाट आणि पंचगंगाघाट हा गंगाकाठचा पट्टा मराठी कुटुंबांच्या जुन्या वस्तीसाठी ओळखला जातो. दुर्गाघाटाची बांधणी अठराव्या शतकात पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित यांनी केली, असे सांगितले जाते. थंडी सुरू झाली की काशीत चुडा-मटर होऊ लागतो. चुडा म्हणजे पोहे व मटर म्हणजे ओला वाटाणा. त्यामुळे मराठी स्वयंपाकघराला हा पदार्थ परका वाटत नाही. लहान मुलाच्या वाढदिवसासाठी तो सोपा, मऊ व पोटभरीचा आहे. मात्र बालकाच्या वाटीतील अन्नाची सुरक्षितता स्वयंपाकघरात नव्हे, तर शेतात व साठवणुकीच्या डब्यात ठरते. या लेखात तीन सोपे पदार्थ आणि त्यांच्याशी निगडित कीडविषयक दक्षता यांचा विचार केला आहे.

१. चुडा-मटर

साधारण २० बालकांसाठी १ किलो पोहे व सोललेले ७५० ग्रॅम वाटाणे पुरतात. त्यासाठी दीड ते दोन किलो शेंगा घ्याव्यात. पोहे धुऊन निथळत ठेवावेत. तुपात जिरे व किसलेले आले परतून वाटाणे मऊ शिजवावेत, पोहे घालून वाफ आणावी व शेवटी लिंबू पिळावे. मिरची वगळावी, मिरपूड चिमूटभर पुरे. तीन वर्षांखालील मुलांसाठी वाटाणे चेचून घालावेत.

वाटाण्याची पेरणी वाराणसी परिसरात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होते. येथील भारतीय भाजीपाला संशोधन संस्थेने काशी नंदिनी, काशी उदय व काशी मुक्ती या लवकर येणाऱ्या जाती विकसित केल्या आहेत. पिकावर नागअळी व शेंगा पोखरणारी अळी यांचा उपद्रव होतो. शेंगेला छिद्र किंवा आत विष्ठा दिसल्यास ती शेंग बाजूला काढावी. अळी स्वतः विषारी नसते. पण पोखरलेल्या शेंगेत बुरशीचा शिरकाव सहज होतो.

खरा धोका अळीपेक्षा चुकीच्या वेळी केलेल्या फवारणीचा आहे. वाटाण्याची तोडणी आठ-दहा दिवसांच्या अंतराने अनेकदा होते. दोन तोडण्यांच्या मध्ये फवारणी झाली आणि कीटकनाशकाचा प्रतीक्षा कालावधी त्या अंतरापेक्षा मोठा असला, तर पुढील तोडणीच्या शेंगांत अवशेष राहण्याची शक्यता असते. वाहत्या पाण्याने धुतल्यास पृष्ठभागावरील अवशेष व धूळ कमी होते. मात्र आंतरप्रवाही कीटकनाशक वनस्पतीच्या ऊतींत भिनत असल्याने ते धुऊन निघत नाही. बालकाचे वजन कमी असल्याने तेवढेच अवशेष त्याच्या शरीरात वजनाच्या प्रमाणात अधिक भरतात. म्हणून वाटाणा पिकासाठी लेबलवर शिफारस असलेलेच कीटकनाशक वापरावे, त्यावरील प्रतीक्षा कालावधी पाळावा आणि फवारणीची तारीख लिहून ठेवावी.

बाजारातून सोललेले वाटाणे घेतल्यास ते पाण्यात ढवळून अर्धा तास ठेवावेत. पाणी हिरवे झाल्यास कृत्रिम रंगाची भेसळ समजावी व ते वाटाणे वापरू नयेत.

२. सत्तू-गुळाचे लाडू

भाजलेल्या हरभऱ्याचे पीठ, म्हणजे सत्तू ५०० ग्रॅम, बारीक चिरलेला गूळ ३०० ग्रॅम व पातळ तूप २०० ग्रॅम एकत्र मळून ३० लहान लाडू वळावेत. पाक करण्याची गरज नाही. लाडू मऊसर ठेवावेत व मुलांना फोडून द्यावेत.

सत्तू, बेसन व रवा यांत पिठातील तांबडा भुंगेरा आढळतो. तो क्विनोन गटातील द्रव्ये स्रवतो. त्यामुळे पिठाला तीव्र, उग्र वास येतो. असे पीठ चाळून किडे काढले तरी वास व द्रव्ये उरतात. ते बालकांसाठी वापरू नये. रव्यात जाळी व गुठळ्या दिसल्यास तांदळावरील पतंगाच्या अळीचा प्रादुर्भाव समजावा. नवीन पीठ जुन्यात मिसळू नये, डबा रिकामा करून, पुसून व वाळवून भरावा. कीड लागण्यापूर्वीच पीठ उणे १८ अंश तापमानाच्या फ्रीझरमध्ये चार दिवस ठेवल्यास त्यातील अंडीही मरतात. नंतर हवाबंद डब्यात ठेवावे.

३. फळांची वाटी

केळी, पिकलेली पपई, संत्र्याच्या सोललेल्या फोडी व मऊ पेरू यांचे लहान तुकडे पुरेसे आहेत. पेरूच्या बिया काढाव्यात. फळमाशी फळात अंडी घालते, बाहेरून केवळ सूक्ष्म टोचल्याची खूण दिसते आणि अळ्या आत गर खातात. पावसाळी बहारात हा उपद्रव अधिक व हिवाळ्यात कमी असतो. तरीही पेरू नेहमी चिरून पाहूनच वाढावा. बागेत पडलेली फळे रोज गोळा करून खोल पुरावीत व मिथाईल युजेनॉलचे सापळे लावावेत. त्यांकडे नर माश्या आकर्षित होतात.

काय टाळावे?

• अख्खे शेंगदाणे, फुटाणे, मक्याच्या लाह्या, अख्खी द्राक्षे व कडक गोळ्या पाच वर्षांखालील मुलांना देऊ नयेत. त्या श्वासनलिकेत अडकू शकतात. शेंगदाण्याचा बारीक कूट चालतो. पण बुरशी लागलेले, सुरकुतलेले किंवा कडवट दाणे टाकून द्यावेत, कारण त्यांत अफ्लाटॉक्सिन असण्याचा धोका असतो.
• एक वर्ष पूर्ण न झालेल्या बालकाला मध मुळीच देऊ नये, चाटवूही नये. मधात क्वचित असणारे बोट्युलिझमचे जिवाणूबीज मोठ्यांना बाधत नाहीत. तान्ह्या बाळाच्या आतड्यात मात्र ते वाढून विष निर्माण करतात. शुद्ध मधालाही हा नियम लागू आहे.
• पाहुण्या मुलांपैकी कोणाला शेंगदाणे, दूध किंवा गव्हाची ॲलर्जी आहे काय, हे पालकांना आधी विचारावे.
• मुले बसून खातील व मोठी व्यक्ती जवळ असेल, याची काळजी घ्यावी.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

महिला बचत गटांच्या बैठकीत हे पदार्थ प्रत्यक्ष करून दाखवता येतात. त्याच वेळी भुंगेरा लागलेले पीठ व पोखरलेली शेंग दाखवल्यास विषय मनात ठसतो. प्रतीक्षा कालावधी हा शब्द कीटकनाशकाच्या पत्रकात वाचला जात नाही. परंतु आपल्याच घरातील मुलाच्या वाढदिवसाला शेतातील वाटाणा कोणत्या तारखेला तोडावा, हे विचारले की त्याचा अर्थ शेतकऱ्याला लगेच कळतो. जी शेंग स्वतःच्या मुलाला द्यावीशी वाटत नाही, ती बाजारातही जाऊ नये, एवढा निकष पुरेसा आहे.