चाळीस मेगापिक्सेलचं जुनं धूड

आजकाल खिशातल्या फोनवर २०० मेगापिक्सेल लिहिलेलं असतं. अशा वेळी २०१० सालचा, ४० मेगापिक्सेलचा आणि बॅटरीसकट जवळजवळ दीड किलो वजनाचा कॅमेरा कुणी पैसे मोजून का घ्यावा? आमच्या फोटोग्राफी क्लबमध्ये सध्या याच प्रश्नावरून दोन पार्ट्या पडल्यात. माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून एकच कॅमेरा येऊ शकतो. एका पार्टीला नवा मिररलेस हवाय, दुसरीला सेकंडहँड पेंटॅक्स ६४५डी. माझ्या मामाकडे हाच कॅमेरा आहे (तो दागिन्यांचे फोटो काढतो) आणि सुट्टीत मी तो भरपूर हाताळलाय. त्यामुळे दोन्ही बाजू समजावून सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं. कॉन्व्हेंटवालीचं मराठी आहे, सांभाळून घ्या!

आधी हे 'मीडियम फॉरमॅट' प्रकरण काय ते बघू. फिल्मच्या काळात १२० नंबरचा रोल मिळायचा, साधारण ६ सेंटीमीटर रुंद. त्यावर ६ बाय ४.५ सेंटीमीटरची फ्रेम घेणारा कॅमेरा तो ६४५. पेंटॅक्सने आपला पहिला ६४५ काढला १९८४ मध्ये, आणि २०१० मध्ये त्याचा डिजिटल वारस जपानमध्ये विक्रीला आला. त्यातला सेन्सर कोडॅकचा, ४४ बाय ३३ मिलिमीटर. फिल्मच्या फ्रेमपेक्षा लहान, पण ज्याला आपण 'फुल फ्रेम' म्हणतो त्या ३६ बाय २४ पेक्षा क्षेत्रफळाने १.६८ पट मोठा. एक्स्पोजर तेच ठेवलं तर तेवढ्याच पटीत जास्त फोटॉन गोळा होतात. नॉइज वाढतो वर्गमुळाने, म्हणून सिग्नल आणि नॉइजचं गुणोत्तर सुधारतं सुमारे १.३ पट. फायदा आहे, पण चमत्कार नाही.

आता खरी गंमत. हा सेन्सर सीसीडी आहे, आजच्या कॅमेऱ्यांसारखा सीमॉस नाही. सीसीडी १९६९ मध्ये बेल लॅब्समध्ये विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी शोधला, त्याबद्दल २००९ चं फिजिक्सचं नोबेल त्यांना मिळालं. तो चालतो कसा? हॉस्टेलवर वरच्या टाकीचं पाणी संपलं की आपण जिन्यात लाइन लावून खालून बादल्या हातोहात वर पोचवतो, तसाच. प्रत्येक पिक्सेल ही एक बादली, पाणी म्हणजे इलेक्ट्रॉन. फोटो काढून झाला की प्रत्येक ओळीतलं पाणी शेजारच्या ओळीत, तिथून पुढच्या, असं सरकत सरकत कडेपर्यंत जातं आणि तिथे मोजलं जातं. या सेन्सरमध्ये लांबच्या ओळीला पाच हजारांच्या वर उड्या माराव्या लागतात. प्रत्येक उडीत लाखातला एक इलेक्ट्रॉन जरी सांडला, तरी शेवटी ५ टक्के गायब! त्यामुळे सांडण्याचं प्रमाण त्याहूनही खूप कमी ठेवावं लागतं. मला विचाराल तर नोबेल एवढ्यासाठीच द्यायला हरकत नव्हती. सीमॉसमध्ये मात्र प्रत्येक बादलीपाशीच एक छोटा अँप्लिफायर बसलेला असतो.

बादल्या सरकत असताना वरून पाऊस पडत राहिला तर मोजमाप बोंबलणार, हे उघड आहे. म्हणून वाचन चालू असताना शटर बंद पाहिजे. त्यामुळे ६४५डीला लाइव्ह व्ह्यू नाही, व्हिडिओ नाही. ४ कोटी पिक्सेल, प्रत्येकी १४ बिट, म्हणजे एका फोटोचे कच्चे ७० मेगाबाइट्स. म्हणून सेकंदाला जेमतेम एक फोटो.

आणि तरीही लोक त्यावर फिदा आहेत. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं: "सीसीडीचे रंग!" इथे मात्र मी एका इंजिनिअरच्या हट्टाने भांडते. सिलिकॉनला रंग कळत नाही, सीसीडीतल्या नाही आणि सीमॉसमधल्याही नाही. रंग ठरतो पिक्सेलवर बसवलेल्या लाल-हिरव्या-निळ्या फिल्टरवरून आणि नंतरच्या गणितावरून. कोडॅकचे फिल्टर आणि पेंटॅक्सचं गणित दोन्ही उत्तम जमलेत, हे कबूल. पण त्याचं श्रेय बादल्यांच्या लाइनीला देणं म्हणजे भाजी चविष्ट झाली म्हणून गॅसच्या शेगडीचे आभार मानणं.

दुसरी अफवा पार्श्वभूमी धूसर होण्याची. ५५ मिमी एफ/२.८ ची लेन्स इथे देते ते फुल फ्रेमवर साधारण ४३ मिमी एफ/२.२ मध्ये मिळतं. एफ/१.४ ची साधी लेन्स त्याहून जास्त धूसर करेल.

मग उरतं काय? माझ्या मते दोन गोष्टी. त्या काळच्या बहुतेक डीएसएलआरमध्ये सेन्सरपुढे चित्र किंचित मऊ करणारा एक फिल्टर असायचा, तो यात नाही. मामाच्या ठुशीतला एकेक मणी सुटा दिसतो. (याची शिक्षाही आहे: पैठणीच्या बारीक विणीवर कधीकधी नसलेले रंगीत पट्टे उमटतात.) शिवाय जुन्या फिल्म ६४५ च्या लेन्स यावर चालतात आणि सेन्सर लहान असल्याने त्यांचा मधला, सगळ्यात शार्प भागच वापरला जातो. ३०० डीपीआयने छापलं तर २४ बाय १८ इंचांची प्रिंट निघते. आपल्या मेसच्या भिंतीवर लावा आणि नाक चिकटवून बघा.

दुसरी गोष्ट मोजता येत नाही. काचेच्या मोठ्या व्ह्यूफाइंडरमधून बघायचं, ठरवायचं, मग एकदाच बटण दाबायचं. आरसा असा धप्पकन आपटतो की कॉरिडॉरमधली मुलं वळून बघतात. दीडशे फोटो काढून त्यातला एक निवडायची सोयच नाही. आळशी माणसाला याचा राग येतो. मला दोन दिवस आला, तिसऱ्या दिवशी मी सावल्या बघायला लागले.

पण गॅदरिंगच्या स्टेजवर हे धूड घेऊन जाल तर फसाल. आयएसओ जास्तीत जास्त १६००, आणि तिथे नॉइज भरपूर. आजचा कुठलाही बरा मिररलेस अंधारात याला सहज हरवतो. पेंटॅक्सने स्वतःच २०१४ च्या ६४५झेडमध्ये ५१ मेगापिक्सेलचा सीमॉस घातला, यातच सगळं आलं. शिवाय कोडॅकने आपला सेन्सरचा धंदा २०११ मध्येच विकून टाकला. सेन्सर गेला तर बदली फक्त दुसऱ्या मेलेल्या कॅमेऱ्यातून.

म्हणून क्लबच्या मीटिंगमध्ये माझं मत मिररलेसला. वर्षभरात आपलं निम्मं काम रात्रीच्या कार्यक्रमांचं असतं. ज्यांना ६४५डी हवाच आहे त्यांनी स्वतःची वर्गणी काढावी, मी पहिली देते. घेताना मात्र विकणाऱ्याला लेन्सचं झाकण लावून लांब एक्स्पोजरचा फोटो काढायला सांगा आणि तो कॉम्प्युटरवर पूर्ण मोठा करून बघा. काळ्या चित्रात वरपासून खालपर्यंत एखादी उजळ रेघ दिसली, तर समजा बादल्यांच्या त्या लाइनीत गडबड आहे, आणि पैसे खिशातच ठेवा.