अतिशीघ्र अवस्थांतर आणि ‘लंब’ या शब्दाचा अर्थ

जानेवारी २००९ मध्ये ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या विद्यमाने मुंबईस अ-हर्मिशियन हॅमिल्टोनियनांविषयी आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. त्या केंद्रातील झफर अहमद यांनी २००१ मध्येच अचूक सुटणाऱ्या एका संमिश्र विभवाची ऊर्जामूल्ये कोठवर वास्तव राहतात व कोठून संमिश्र होतात हे दाखविले होते. भौतिकी हा प्रस्तुत लेखकाचा विषय नव्हे. परंतु या क्षेत्रातील एक वाद अखेर शब्दार्थापाशी येऊन ठेपतो, म्हणून हे धाडस.

पुंजयामिकीत अवस्थेची कालगती हॅमिल्टोनियन ही सारणी ठरविते. ती हर्मिशियन असावी, असा परिपाठ आहे. (एर्मीत या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाचे हे इंग्रजी वळण आपण तसेच उचलले आहे.) हर्मिशियन सारणीची ऊर्जामूल्ये वास्तव असतात. तथापि अवकाश व काल यांच्या एकत्रित परावर्तनाने न बदलणाऱ्या कित्येक अ-हर्मिशियन हॅमिल्टोनियनांचीही ऊर्जामूल्ये वास्तव असतात, असे बेंडर व बोएट्चर यांनी १९९८ मध्ये दाखविले.

आता इलेक्ट्रॉनाचे वर असलेले परिवलन खाली आणावयाचे आहे, असे समजू. या दोन अवस्था परस्परांस लंब होत. दोन ऊर्जामूल्यांतील अंतर ठरलेले असेल, तर हर्मिशियन मार्गाने लागणारा किमान काळ म्हणजे प्लांकचा स्थिरांक भागिले त्या अंतराची दुप्पट. २००७ मध्ये बेंडर, ब्रॉडी, जोन्स व मायस्टर यांनी प्रतिपादिले की, अंतर तेच ठेवून अ-हर्मिशियन मार्गाने हा काळ हवा तितका अल्प करता येतो. सारणीतील संख्या मात्र त्या प्रमाणात अमर्याद वाढत जातात, ही गोष्ट घाईत नजरेआड होते.

लंब म्हणजे काय, हे अंतर्गुणाकारावर अवलंबून असते. अ-हर्मिशियन हॅमिल्टोनियनाला साजेसा अंतर्गुणाकार घेतला, तर नेहमीच्या अर्थाने लंब असलेल्या त्याच दोन अवस्था परस्परांच्या निकट ठरतात. साहजिकच वाट आखूड होते. मुस्तफाजादे यांचा त्याच वर्षीचा आक्षेप नेमका हाच होता: आरंभापासून अखेरपर्यंत एकच अंतर्गुणाकार पाळला, तर किमान काळ दोन्ही पद्धतींत सारखाच येतो. वाक्याच्या मध्यावर शब्दाचा अर्थ बदलावा, तसे हे झाले.

मग तो वेग निव्वळ शाब्दिक म्हणावा काय? तसेही नाही. ग्युंथर व साम्सोनोव्ह यांनी २००८ मध्ये अ-हर्मिशियन व्यूह हा एका मोठ्या हर्मिशियन व्यूहाचा भाग म्हणून मांडला. जोडीच्या व्यूहाचे मापन करावयाचे. इष्ट उत्तर आले तर शीघ्र अवस्थांतर घडलेले दिसते, न आले तर तो प्रयत्न सोडून द्यावयाचा. चीनमधील संशोधकांनी २०१३ मध्ये अणुगर्भीय चुंबकीय अनुस्पंदनाच्या प्रयोगात हे शीघ्र अवस्थांतर पाहिले, तेही असाच साहाय्यक व्यूह जोडून.