जर्मन संघराज्याचा चॅन्सेलर : एक पद आणि त्यामागील अनुभव

वरच्या वर्गांत दुसऱ्या महायुद्धाचा भाग शिकविताना ‘हिटलर निवडणुकीने सत्तेवर आला’ असे एक वाक्य आपल्या तोंडून सहज निघून जाते. ते सर्वस्वी खोटे नाही. परंतु जसेच्या तसे खरेही नाही. खुल्या निवडणुकीत हिटलरच्या पक्षास निम्मी मते कधीही मिळाली नाहीत. १९३२ च्या जुलैत त्यास शेकडा ३७ मते पडली, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ती शेकडा ३३ वर आली. आणि अशी उतरती कळा लागलेली असतानाच, ३० जानेवारी १९३३ रोजी, वृद्ध राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी त्याची चॅन्सेलरच्या पदावर नेमणूक केली. येथे ‘नेमणूक’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ‘मग त्यांच्या संसदेने आधीच दुसरा चांगला माणूस का निवडला नाही?’ असे एखाद्या चौकस मुलाने विचारले, तर उत्तर देण्यापूर्वी शिक्षकास क्षणभर थांबावे लागते. त्या प्रश्नाने पुढे जर्मन लोकांनाही थांबविले, आणि आजच्या जर्मन संघराज्यातील शासनप्रमुखाच्या पदाची घडण पुष्कळशी त्यातूनच झाली.

प्रथम शब्दाविषयी. चॅन्सेलर ही पदवी निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळ्या अर्थाने वापरतात. विद्यापीठाच्या कुलपतीस चॅन्सेलर म्हणतात. ब्रिटनमध्ये अर्थमंत्र्याच्या पदनामात तोच शब्द आहे. जर्मनी व ऑस्ट्रिया या देशांत मात्र चॅन्सेलर म्हणजे शासनाचा प्रमुख, आपल्याकडील पंतप्रधानासारखा. जर्मनीत राष्ट्राध्यक्ष वेगळा असतो आणि त्याचे स्थान बहुतांशी आपल्या राष्ट्रपतीसारखे असते.

पहिल्या महायुद्धातील पराभवानंतर, १९१९ साली, जर्मनीने वायमार या गावी नवे प्रजासत्ताक संविधान केले. त्यात राष्ट्राध्यक्षाची निवड थेट जनतेकडून सात वर्षांसाठी होत असे. चॅन्सेलरला नेमावयाचे त्याने आणि काढावयाचेही त्यानेच. शिवाय संसदेचा, म्हणजे राइखस्टागचा, विश्वासही चॅन्सेलरला हवाच. म्हणजे एका गाडीला दोन गाडीवान. राष्ट्राध्यक्षाच्या हाती आणखी दोन साधने होती : ४८ व्या कलमाखाली निकडीचे हुकूम काढणे आणि संसद विसर्जित करणे. चौदा वर्षांत सुमारे वीस मंत्रिमंडळे होऊन गेली. उघड अविश्वासाच्या ठरावाने पडलेली त्यांत थोडीच. बहुतेक मंत्रिमंडळे आपापसांतील भांडणानेच मोडली. बहुमताचे शेवटचे मंत्रिमंडळ १९३० च्या मार्चमध्ये मोडले, तेही बेकारांच्या विम्याचा हप्ता किती असावा या वादावरून.

त्यानंतरचे चॅन्सेलर संसदेच्या बहुमतावर उभे नव्हते. राष्ट्राध्यक्षाच्या सहीवर उभे होते. ब्र्यूनिंग, पापेन आणि श्लायखर अशी तीन माणसे तीन वर्षांच्या आत आली आणि गेली. याच काळात बेकारांची संख्या साठ लाखांवर गेली. १९३२ च्या जुलैमधील निवडणुकीत ६०८ जागांपैकी २३० हिटलरच्या पक्षास व ८९ साम्यवाद्यांस मिळाल्या. दोन्हींची बेरीज निम्म्याहून अधिक होते. हे दोन पक्ष रस्त्यावर एकमेकांची डोकी फोडीत होते. परंतु सभागृहात कोणतेही शासन पाडावयाचे म्हटले की त्यांचे हात एकत्र वर जात. शासन चालविण्यासाठी मात्र ते एकत्र येणे शक्यच नव्हते.

याचा कळस १२ सप्टेंबर १९३२ रोजी पाहावयास मिळाला. साम्यवाद्यांनी पापेनच्या मंत्रिमंडळावर अविश्वासाचा ठराव आणला. पापेनने संसद विसर्जित करण्याचा राष्ट्राध्यक्षाचा हुकूम घाईने मागवून घेतला व तो बोलण्याची परवानगी मागू लागला. अध्यक्षस्थानी हिटलरचा सहकारी गोअरिंग होता. त्याने दुसरीकडे तोंड फिरविले आणि मतदान चालू ठेवले. शेवटी पापेनने हुकुमाचा कागद अध्यक्षाच्या मेजावर ठेवला आणि तो मंत्र्यांसह निघून गेला. मोजणी झाली तेव्हा शासनाच्या विरुद्ध ५१२ आणि बाजूने ४२ मते पडली होती. संसद आधीच विसर्जित झाल्याचे धरल्यामुळे कायद्याच्या दृष्टीने त्या मतदानास किंमत उरली नाही. परंतु ‘हा नको’ असे म्हणणाऱ्या त्या ५१२ जणांस ‘मग कोण हवा?’ असे विचारले असते, तर किमान चार निरनिराळी उत्तरे आली असती. जर्मनीचे प्रजासत्ताक त्या पोकळीत बुडाले. केवळ कलमांच्या दोषाने ते बुडाले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. मंदी होती, पराभवाचा सल होता, आणि हिटलरला आपण मुठीत ठेवू असे समजणारे शहाणेही होते. तरी कलमांनी त्या सर्वांस वाट मोकळी करून दिली, हे खरे.

दुसऱ्या महायुद्धानंतर, १ सप्टेंबर १९४८ रोजी, पश्चिम जर्मनीसाठी राज्यघटना तयार करण्याकरिता बॉन शहरी एक परिषद बसली. तिचे ६५ सभासद होते आणि त्यांत ४ स्त्रिया होत्या. अध्यक्षपदी कॉनराड आडेनॉअर होते. यांपैकी पुष्कळांनी वायमारचा शेवट प्रत्यक्ष पाहिलेला होता, काहींनी पुढे तुरुंगही भोगलेला होता. २३ मे १९४९ रोजी त्यांचा मसुदा ‘मूलभूत कायदा’ या नावाने जारी झाला. देशाचे दोन तुकडे पडलेले असताना ‘संविधान’ हे कायमचे नाव देऊ नये, असा त्यामागे विचार होता. ते तात्पुरते नाव १९९० च्या एकीकरणानंतरही बदललेले नाही.

या कायद्याचे ६७ वे कलम आपल्या विषयाचा गाभा होय. संसदेच्या लोकनियुक्त सभागृहास तेथे बुंडेस्टाग म्हणतात. बुंडेस्टागला चॅन्सेलरवरील अविश्वास एकाच मार्गाने दाखविता येतो : एकूण सभासदांच्या बहुमताने त्याच्या जागी दुसरा चॅन्सेलर निवडावयाचा. तशी निवड झाली की राष्ट्राध्यक्षास जुन्याला पदमुक्त करून नव्यास नेमावेच लागते. सूचना मांडणे आणि मतदान यांमध्ये ४८ तास जावे लागतात, म्हणजे रागाच्या भरात निर्णय होत नाही. यास ‘विधायक अविश्वास ठराव’ म्हणतात.

ही कल्पना मुलांस समजावून देण्यासाठी शालेय मंत्रिमंडळाचा उपयोग चांगला होतो. वर्गास प्रथम विचारावे, ‘सध्याचा मुख्यमंत्री कोणाकोणाला नको?’ (तो मुलगा रुसणारा नसावा, एवढी काळजी घ्यावी.) बरेच हात वर होतात. मग त्याच मुलांना म्हणावे, ‘आता त्याच्या जागी कोण, ते पाटीवर लिहा.’ चार-पाच नावे निघतात आणि कोणत्याही एका नावास निम्म्या वर्गाची मते सहसा मिळत नाहीत. पहिला प्रश्न वायमारचा आणि दुसरा बॉनचा, एवढे फळ्यावर लिहिले की वेगळे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही.

चॅन्सेलरची मूळ निवडही आता राष्ट्राध्यक्षाच्या मर्जीवर राहिलेली नाही. राष्ट्राध्यक्ष नाव सुचवितो. बुंडेस्टाग चर्चेशिवाय, गुप्त मतदानाने, त्यास निवडते. एकूण सभासदांचे बहुमत पहिल्या फेरीत मिळाले नाही, तर पुढे १४ दिवस सभागृहास स्वतः माणूस निवडण्याची मुभा असते. राष्ट्राध्यक्षाचीही थेट निवडणूक आता होत नाही. मंत्री कोण असावेत ते चॅन्सेलर ठरवितो, आणि एकट्यादुकट्या मंत्र्यास बुंडेस्टाग अविश्वासाने काढू शकत नाही. धोरणाची दिशा चॅन्सेलरने ठरवावयाची, खाते मंत्र्याने स्वतःच्या जबाबदारीवर चालवावयाचे आणि दोन मंत्र्यांत वाद पडल्यास मंत्रिमंडळाने निकाल द्यावयाचा, अशी वाटणी आहे. सेनेवरील अधिकार शांततेच्या काळी संरक्षणमंत्र्याकडे असतो. देशावर आक्रमण होऊन संरक्षणस्थिती जाहीर झाली तरच तो चॅन्सेलरकडे जातो.

पद इतके भक्कम केले म्हणून ते अमर्याद झाले असे मात्र नाही. जर्मनी हे सोळा घटक राज्यांचे संघराज्य आहे. आपणां शिक्षकांच्या दृष्टीने यातील लक्षणीय गोष्ट अशी की, शालेय शिक्षण हा तेथे मुख्यतः घटक राज्यांचा विषय आहे. कोणत्या इयत्तेत काय शिकवावे, हे बर्लिनमध्ये बसून चॅन्सेलर ठरवू शकत नाही. प्रत्येक राज्यास आपला शिक्षणमंत्री असतो, आणि या मंत्र्यांची एक स्थायी परिषद १९४८ पासून, म्हणजे संघराज्य जन्मण्याच्याही आधीपासून, मेळ घालण्याचे काम करीत आहे. राज्यांच्या शासनांचे प्रतिनिधी बुंडेसराट नावाच्या सभागृहात बसतात. पुष्कळशा कायद्यांना त्यांची संमती मिळविताना चॅन्सेलरची दमछाक होते.

आता अनुभव. १५ सप्टेंबर १९४९ रोजी आडेनॉअर पहिले चॅन्सेलर निवडले गेले. ४०२ पैकी २०२ मते आवश्यक होती आणि नेमकी २०२ पडली. त्यांत एक मत त्यांचे स्वतःचे होते. वय ७३ वर्षांचे. हा गृहस्थ वर्षभर टिकेल की नाही अशी शंका घेणारे थोडे नव्हते. ते १९६३ पर्यंत, चौदा वर्षे, पदावर राहिले. एका मताने आलेले शासन इतके टिकते, यात त्यांच्या व्यक्तिमत्त्वाचा वाटा मोठा होता. परंतु त्यांस सहज पाडता येत नव्हते, हेही विसरता येत नाही.

६७ व्या कलमाची पहिली परीक्षा १९७२ साली झाली. विली ब्रांट यांचे बहुमत सभासद फुटून वितळत चालले होते. २७ एप्रिल रोजी विरोधी नेते राइनर बार्झेल यांस चॅन्सेलर निवडण्याची सूचना मतास टाकली गेली. २४९ मते हवी होती, २४७ पडली. पूर्व जर्मनीच्या गुप्तचर खात्याने मतासाठी पैसे मोजल्याचे पुढे उघडकीस आले, म्हणजे उत्तम कलमासही माणसाच्या लोभापासून संरक्षण नसते. दुसऱ्याच दिवशी ब्रांट यांच्या अंदाजपत्रकावर दोन्ही बाजूंस सारखी मते पडली. शासन पडतही नव्हते आणि चालतही नव्हते. अखेर ब्रांट यांनी विश्वासदर्शक ठराव मांडून तो मुद्दाम गमावला, मंत्री मतदानापासून दूर राहिले, आणि नोव्हेंबरातील निवडणुकीत ते पुन्हा जिंकले.

या कलमाचा यशस्वी प्रयोग केंद्रात आजवर एकदाच झाला आहे. १ ऑक्टोबर १९८२ रोजी हेल्मुट श्मिट यांच्या जागी हेल्मुट कोल २५६ मतांनी निवडले गेले. एक दिवसही देश शासनावाचून राहिला नाही. कोल पुढे सोळा वर्षे चॅन्सेलर होते. तरी त्यांनाही वाटले की, जनतेचा कौल घेतल्यावाचून बैठक पक्की होत नाही; म्हणून त्यांनी डिसेंबरात विश्वासाचा ठराव हेतुपुरस्सर हरून मार्च १९८३ मध्ये निवडणूक घेतली. स्वतःवर विश्वास असताना अविश्वास ओढवून घेण्याची ही रीत प्रस्तुत लेखकास रुचत नाही. तेथील संविधान न्यायालयाने मात्र ती मान्य केली.

आपल्याकडे काय? आपल्या संविधानाच्या ७५ व्या अनुच्छेदाप्रमाणे पंतप्रधानांची नेमणूक राष्ट्रपती करतात व मंत्रिमंडळ लोकसभेस सामुदायिकपणे जबाबदार असते. अविश्वासाच्या ठरावाची पद्धत संविधानात नसून लोकसभेच्या कामकाजाच्या नियमांत आहे, आणि पर्यायी नेत्याचे नाव देण्याचे बंधन तीत नाही. १७ एप्रिल १९९९ रोजी अटलबिहारी वाजपेयी यांचा विश्वासदर्शक ठराव २६९ विरुद्ध २७० असा एका मताने फेटाळला गेला. पर्यायी शासन कोणासही बनविता आले नाही. लोकसभा विसर्जित झाली आणि कारगिलचे युद्ध काळजीवाहू मंत्रिमंडळास लढावे लागले. जर्मनीत असा ठराव हरला म्हणून चॅन्सेलरला राजीनामा द्यावाच लागतो असे नाही. तो निवडणुकीची मागणी करू शकतो किंवा अल्पमतात राहू शकतो. २००२ साली आपल्या संविधानाच्या कार्याचे पुनर्विलोकन करणाऱ्या राष्ट्रीय आयोगाने विधायक अविश्वास ठरावाची शिफारस केली होती. ती अमलात आलेली नाही. याविरुद्धची बाजूही मुलांपुढे मांडावी : ज्याच्यावर सभागृहाचा विश्वास उरलेला नाही त्याने केवळ विरोधकांत एकी नाही म्हणून खुर्चीवर बसून राहावे काय?

अलीकडील घटना सांगितल्यास विषय ताजा होतो. १६ डिसेंबर २०२४ रोजी ओलाफ शोल्त्स यांचा विश्वासदर्शक ठराव २०७ विरुद्ध ३९४ मतांनी फेटाळला गेला आणि २३ फेब्रुवारी २०२५ रोजी निवडणूक झाली. ६ मे २०२५ रोजी फ्रीडरिख मेर्त्स यांची निवड व्हावयाची होती. त्यांच्या आघाडीचे ३२८ सभासद होते आणि ३१६ मते पुरे होती. पहिल्या फेरीत पडली ३१०. संघराज्य स्थापन झाल्यापासून पहिल्या फेरीत असे कधीच घडले नव्हते. कायद्याने १४ दिवसांची मुदत दिलेली होती. सभागृहाने ती वापरली नाही. त्याच दिवशी दुसरी फेरी होऊन ३२५ मतांनी मेर्त्स चॅन्सेलर झाले. आघाडीतील किमान अठरा मते सकाळी मिळाली नव्हती. मतदान गुप्त असल्यामुळे ती कोणाची, हे आजही कळलेले नाही.