काचेची तार घरात घ्यावी का?

परवा नांदेडला तरोडा नाक्याजवळ राहणाऱ्या मावसबहिणीकडे गेले होते. रात्रीचे साडेआठ झाले होते, आणि बारावीतली तिची लेक वही मांडीवर घेऊन दारातल्या पायरीवर बसलेली. "अगं, आत बसून अभ्यास कर की," मी म्हटले. तिची आई म्हणाली, "पप्पांची वाट बघायलीय ती. हिच्या मोबाईलचा दीड जीबी दुपारीच संपतो. मग पप्पा आले की त्यांच्या मोबाईलवर पुढचे तास बघते."

मैत्रिणींनो, पोरीच्या अभ्यासाची वेळ वडिलांच्या गाडीच्या आवाजावर ठरते, हे काही मला बरे वाटले नाही. "फायबर का घेत नाही?" असे विचारले, तर उत्तर ठरलेले : "महिन्याला पाचशेचा खर्च कशाला वाढवायचा?" प्रश्न रास्त होता. म्हणून जेवणे झाल्यावर आम्ही दोघी हिशेबाची वही घेऊन बसलो. तो हिशेब तुमच्याही उपयोगी पडेल.

आधी हे फायबर म्हणजे काय ते पाहू. जुन्या टेलिफोनच्या तारेत तांबे असे आणि त्यातून वीज वाहे. या तारेत असतो काचेचा धागा, आणि त्यातून धावतो प्रकाश. धागा किती बारीक? मिलिमीटरचा आठवा हिस्सा! १९६० साली 'फायबर ऑप्टिक्स' हे नाव रूढ करणारे शास्त्रज्ञ नरिंदरसिंग कपानी हे मूळचे पंजाबातल्या मोग्याचे. ही तार घरातल्या एका डबीला जोडतात आणि राऊटर तेच नेट घरभर पसरवतो.

आता पैशांचे. बहिणीच्या घरी चार मोबाईल : यजमान, ती स्वतः, सासूबाई आणि लेक. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा रिचार्ज एका मोठ्या कंपनीकडे २९९ रुपयांना झाला. इथे एक गंमत लक्षात ठेवा. महिना २८ दिवसांचा धरला की वर्षात रिचार्ज बारा नव्हे, तेरा करावे लागतात! चार मोबाईलचे झाले वर्षाला १५,५४८ रुपये. हा आकडा बघून बहीण गप्पच झाली. सुटेसुटे पैसे जात होते, म्हणून कधी जाणवलेच नव्हते.

फायबरची साधी योजना ३९९ रुपयांची धरली, तर १८ टक्के जीएसटी मिळवून महिन्याला ४७१ रुपये होतात, म्हणजे वर्षाला सुमारे ५,६५० रुपये. जाहिरातीत छापतात तो आकडा बहुधा कराआधीचा असतो, बरे का!

पण नेट घरात आल्यावर घरीच असणाऱ्या माणसाला मोबाईलवर वेगळे नेट कशाला? डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने फक्त बोलणे आणि एसएमएस एवढ्यापुरता रिचार्ज ठेवण्याचा नियम कंपन्यांना घालून दिला. तो ८४ दिवसांना साडेचारशेच्या आसपास पडतो, म्हणजे माणशी वर्षाला १,९६० रुपयांपर्यंत. सासूबाई आणि बहीण अशा दोघींनी तो घेतला, तर फायबर धरून एकूण खर्च होतो सुमारे १७,३५० रुपये. म्हणजे आधीपेक्षा महिन्याला दीडशे रुपये जास्त. लेकीनेही तसेच केले, तर खर्च जवळजवळ पूर्वीइतकाच राहतो. मात्र भाजीबाजारात मोबाईलवरून पैसे द्यायची सवय असेल तर विचार करा. बाहेर पडले की घरचे नेट सोबत येत नाही. पर्समध्ये सुट्टे पैसे ठेवावे लागतील.

दर बदलत राहतात. तुम्ही आपल्या वहीत आजचे आकडे घाला, रीत हीच ठेवा.

काही खर्च जाहिरातीत दिसत नाहीत. डबी आणि राऊटर रात्रंदिवस चालू राहिले तर वर्षाला शंभरेक युनिट वीज लागते. दुसरे, जुना टेलिफोन लाईट गेली तरी चालायचा, कारण त्याला वीज एक्स्चेंजमधून यायची. फायबरचे तसे नाही. घरची लाईट गेली की नेटही जाते. आपल्याकडे उन्हाळ्यात लाईटचा काय भरवसा, ते मी सांगायला नको! राऊटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. हजार-दीड हजार रुपये एकदाच घालावे लागतात, पण परीक्षेच्या दिवसांत ते वसूल होतात.

वेग किती घ्यावा? दुकानदार शंभर-दोनशेचे आकडे सांगतो. भुलू नका. सरकारने जानेवारी २०२३ पासून किमान २ एमबीपीएस वेगाला ब्रॉडबँड ठरवले आहे. तासाचा व्हिडिओ स्पष्ट दिसायला चार-पाच एमबीपीएस पुरतात. चार माणसांच्या घराला ३० भरपूर झाले. कमी पडले तर पुढे वाढवता येते.

लातूरला शिकणाऱ्या मुलींचे गणित निराळे आहे. 'लातूर पॅटर्न'च्या नावाने गावोगावची लेकरे तिथे खोली करून राहतात. एका खोलीत चौघी असतील तर ४७१ रुपयांचे माणशी ११८ रुपये होतात. पण जोडणी कोणाच्या नावावर, अनामत किती, ती परत मिळणार का आणि वर्षाचे पैसे आगाऊ तर मागत नाहीत ना, हे आधी विचारा. घरमालकाची परवानगीही घ्या. दरवर्षी खोली बदलणार असाल, तर मोबाईलच बरा.

जोडणी झाल्यावर एवढे सांभाळा :

तार म्हणजे काचच. बांगडीसारखी जपायची. दाराच्या फटीत चेपू नका, खिळ्याला गुंडाळू नका. तुटली तर घरी गाठ मारून जुळत नाही. यंत्राने सांधावी लागते.

तुटलेल्या टोकात डोळा लावून पाहू नका, लेकरांनाही पाहू देऊ नका. त्यातला प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला अपाय करू शकतो.

राऊटर घराच्या मध्यावर, उंच फळीवर ठेवा. लोखंडी कपाटाच्या मागे ठेवाल तर नेट अडते. जुन्या माळवदाच्या घरात जाड भिंतींपलीकडे ते पोचतच नाही. तिथे अभ्यासाची खोली बघूनच जागा ठरवा.

डबीवर 'एलओएस'चा लाल दिवा लुकलुकू लागला, तर तार कुठेतरी तुटली किंवा सुटली असे समजून तक्रार नोंदवा. आकाशात वीज कडाडू लागली की प्लग काढून ठेवा.

पासवर्ड स्वतः ठरवा आणि वहीत लिहून ठेवा. रात्री राऊटर बंद करण्याची वेळही तुम्हीच ठरवा, नाहीतर अभ्यासासाठी आणलेले नेट मालिकांतच जायचे!

हे सगळे लिहून झाल्यावर बहिणीने विचारले, "मग घ्यावं का गं?" मी म्हटले, घरात दिवसभर असते कोण ते बघ. सगळेच सकाळी बाहेर पडून रात्री परतत असतील, तर मोबाईल पुरतो. पण घरी शिकणारी मुलगी असेल, शिवणकामाचे नवे नमुने बघणारी किंवा घरून काही विकू पाहणारी तू असशील, तर महिन्याचे दीडशे रुपये जास्त नाहीत. जास्तीचे नेट ज्या मोबाईलमध्ये असते तो घरच्या पुरुषाबरोबर बाहेर जातो. तारेचे नेट मात्र घरातच राहते, आणि घरात राहणारीच्या वाट्याला येते.

यजमान ऐकत होते. वही ओढून घेत त्यांनी पुन्हा बेरीज तपासली. बेरीज बरोबर होती.